उन्हानं प्यालेलं पाणी

प्लॅटव्हिल, कोलोरॅडो
१९ मे २००३

ती. ओटिलीताईस धाकट्या अमालियाचा प्रभूच्या नावे सा. न. वि. वि.

तुझं पार्सल शनिवारी पोचलं. लोकरी मोज्यांचे दोन जोड, शेपूच्या बियांची पुडी आणि तुमच्या वृद्धाश्रमाचं कॅलेंडर, तेही मे महिन्यात. टपाल चार डॉलर वीस सेंट. एवढ्यात मोजे इथंच मिळाले असते. पण पायात घातले आणि रागवायचं राहून गेलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून सगळं लिहूनच कळवते.

आमच्या खाणीचं अवघड झालं आहे. नदीकाठची वाळू-गोटे उपसले की खाली पाणी लागतं आणि तळं होतं, हे तू पाहिलं आहेस. त्या तळ्यातलं जेवढं पाणी ऊन पितं, तेवढं कायद्यानं आम्ही नदीला परत करायचं, कारण खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचा हक्क आमच्या आधीचा. आजवर गावाचं वापरून शुद्ध केलेलं पाणी भाड्यानं घेऊन नदीत सोडत होतो. गेल्या वर्षीच्या दुष्काळानं गावाचा हात आखडला. यंदा नाही म्हणाले. दुसरं पाणी दाखवलं नाही तर जूनअखेर खाण बंद, आणि हे, आमचा मुलगा वर्नर, दोघे ट्रकवाले, सगळेच घरी.

उरतात ते पप्पांनी शेताबरोबर तुझ्या नावे केलेले कालव्यातले दोन हिस्से. ते पाणी नदीत सोडलं तर भरपाई होते. पण मग शेताला थेंब नाही. शेत आपला भाऊ रूबेन कसतो आणि त्याच्या अठरा गायी तिथल्या लसूणघासावर जगतात. ह्यांना तुझ्याकडे मागायला तोंड नाही, म्हणून मला पुढं केलं आहे. संमतीचा कागद सोबत ठेवला आहे. निवांत विचार करून लिही. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
अमालिया


स्कॉट्सब्लफ, नेब्रास्का
२७ मे

चि. सौ. अमालियास अनेक आशीर्वाद.

लहानपणी तू माझ्या वाटचं ताक पिऊन पेला पाण्यानं भरून ठेवायचीस. आता सरकारनं तुझ्याकडून तेच काम कायद्यानं करून घेतलं आहे, तर मला हसू कसं आवरेल?

कागदावर सही करून पाठवली आहे, एका वर्षापुरती. रूबेनला मात्र तू स्वतः सांग, आणि तेही त्याच्या स्वयंपाकघरात बसून. चर्चबाहेर चारचौघांत नको. लसूणघासाची काळजी नको. पाट बंद केला म्हणून ती मरत नाही. तिची मुळं दोन पुरुष खोल जातात. पप्पा म्हणायचे, कुणी पानात वाढायची वाट ती बघत नाही, स्वतःच हातानं घेते. एक उन्हाळा सहज काढेल.

इथं सूप रोज तेच. गुडघे तसेच. आठवण ठेवत जा.

तुझी ताई


प्लॅटव्हिल
२ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

तू सांगितलंस तसं रूबेनच्या स्वयंपाकघरात बसून त्याला सांगितलं. कॉफी ओतता ओतता त्यानं एवढंच विचारलं, की रायनहोल्डचे पाय मोडले आहेत का, बायकोला पाठवायला. मी कॉफी संपवून आले.

जूनपासून पाट बंद आहे, आणि तरी शेत हिरवंगार. रूबेननं एक कापणीही घेतली. मी चर्चमध्ये उभी राहून देवाचे आभार मानले, सगळ्यांना ऐकू जातील असे.

मग पाण्याच्या कचेरीतला माणूस आला. तरुण, सभ्य, बूट पुसून घरात शिरला. म्हणाला, शेत हिरवं आहे म्हणजे मुळं खालचं पाणी पीत आहेत, आणि ते खालचं पाणीही नदीचंच. इकडून सोडायचं आणि तिकडून प्यायचं, ही भरपाई नव्हे. लसूणघास मुळापासून काढा, नाहीतर खाण थांबवा. तुझा सल्ला आणि माझी प्रार्थना, दोन्ही आमच्यावरच उलटली.

पुन्हा पेरली तरी नीट धरायला दोन वर्षं. रूबेन सहासष्टचा आहे. म्हणतो, गायी एकदा गेल्या की परत आणायच्या नाहीत. मला आता काही सुचत नाही. रात्री जेवणाआधी हात जोडते आणि मागायचं काय तेच आठवत नाही. तू लिही.

अमालिया


स्कॉट्सब्लफ
९ ऑगस्ट

चि. अमालियास आशीर्वाद.

शहाणपण माझं आणि शिक्षा रूबेनला. पण शब्द दिला तो दिला. घास काढा. पप्पांच्या शेतात परक्याचा नांगर मात्र नको. हे पत्र त्याला वाचून दाखव.

ताई


प्लॅटव्हिल
५ ऑक्टोबर

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

पत्र रूबेनला वाचून दाखवलं होतं. त्यानं ते घडी घालून मला परत दिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा ट्रॅक्टर काढला. हे मदतीला निघाले, तर त्यानं लांबूनच हात करून थांबवलं. मी कोबी-मांस भरलेले पाव नेले. ते त्यानं ट्रॅक्टरवर बसूनच खाल्ले, खाली उतरला नाही. सप्टेंबरात गायी विकल्या. एक म्हातारी तेवढी ठेवली आहे. म्हणतो, तिला माणसांपेक्षा कमी ऐकू येतं, बरी आहे. चर्चला येतो. रविवारी आमच्याकडे जेवायला येत नाही. मी त्याचं ताट मांडते आणि मग उचलते.

खाण चालू राहिली. आता पुढच्या वर्षीचा कागद सोबत जोडला आहे. शेत उघडं झालंय, त्यामुळं आता सगळं पाणी भरपाईत धरलं जाईल, म्हणून हे खुशीत आहेत. पण बियाण्याच्या दुकानदाराची बायको सांगत होती, रूबेननं वसंतासाठी लसूणघासाचं बी सांगून ठेवलं आहे. आम्हांला बोलला नाही.

ताई, खाणीत माल उरलाय तो फार तर दोन वर्षांचा. वर्नरला रस्त्यांच्या खात्यातून बोलावणं आलं आहे, एका ट्रकवाल्यालाही घेतो म्हणतात. काठावर मातीचे ढीग पडलेत, ते हिवाळ्यात तळ्यात लोटले तर उन्हाला प्यायला तळंच उरणार नाही. हे मी जेवताना दोनदा बोलले. हे म्हणतात, आणखी एकच वर्ष. मागच्या दोन्ही वर्षी हेच म्हणाले होते.

मी सही मागायला लिहिते आहे, असं ह्यांना वाटतं. पाकिटावर तिकीट त्यांनीच लावून ठेवलं आहे. मी तुझा नकार मागते आहे. मी नाही म्हटलं तर घरात पेटेल. रूबेन नाही म्हणाला तर नातं तुटेल. तू नाही म्हणालीस तर हे दोन दिवस धुसफुसतील आणि तिसऱ्या दिवशी माती लोटायला लागतील. मी ह्यांना पंचेचाळीस वर्षं ओळखते. कारण लिहू नकोस. लिहावंच लागलं तर वयावर ढकल.

कागद पंधरा तारखेच्या आत द्यायचा आहे. तेवढं उलट टपाली कळव.

तुझी,
अमालिया