बुडवलेला पाव

गुरुवार, ५ जून २०२५

आज पुन्हा तोच डबा! माझा मुलगा शार्दूल जाऊन चार वर्षे झाली. घरात मी आणि सून आसावरी, दोघेच. दर गुरुवारी ती इथल्या, लंडनमधल्या ईलिंगच्या एका बेकरीतून तिखट रश्श्यात बुडवलेला मेक्सिकन पाव आणते. नाव तोर्ता आओगादा. मिसळीत आपण पाव बुडवतो, तो स्वतःच्या मर्जीने. हा आधीच बुडवून येतो. हेतू काय?

शनिवार, ७ जून

उगमाविषयी चौकशी केली. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात म्हणे एका विक्रेत्याच्या हातून पाव चुकून रश्श्यात पडला. कोणत्या साली? पाहिले कोणी? आसावरी हसली. "बाबा, सँडविच आहे, कोर्ट केस नाही." पुराव्याविना इतिहास नसतो. शिवाय ते हसणे जरा अधिकच होते.

गुरुवार, १२ जून

पावाचे कौतुक करावेच लागेल. वरून कडक, आत आंबूस. रस्सा पितो, तरी लगदा होत नाही. त्यास बिरोते म्हणतात. आसावरी सांगत होती — इकडच्या थंडीत पीठ रुसते, म्हणून बेकरीवाला रोहेलियो पहाटे चारला उठून त्यावर ब्लँकेट घालतो.

पहाटे चारची बातमी हिला कशी?

सोमवार, १६ जून

ती फोनवर होती. मी आत येताच ठेवला; कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे इथल्या घरपट्टीचे, काम होते म्हणाली. कौन्सिलशी इतक्या मायेने कोणी बोलत नाही.

गुरुवार, १९ जून

मूळ पदार्थात डुकराचे मांस असते — हे मला आज कळते! माझ्या पावात मात्र घेवड्याच्या शिजवलेल्या बिया. चरबीविषयी खडसावून विचारले. "तेलातच परततो तो. तुमच्यासाठी पातेलंसुद्धा वेगळं ठेवलंय, बाबा."

परक्या गृहस्थाने माझ्यासाठी वेगळे पातेले का ठेवावे? मला वळवून घेण्याचा डाव उघड आहे. सून तिकडे जाणार. म्हाताऱ्यास कोणत्या वृद्धाश्रमात ठेवायचे, एवढेच ठरायचे राहिले असेल.

रविवार, २२ जून

आज स्पष्ट विचारले: लग्न करणार आहेस का त्याच्याशी? तिने कप विसळून पालथा घातला.

"त्याने मार्चमध्येच विचारलं होतं. मी नाही म्हटलं. तुम्हाला एकटं ठेवून कुठे जाऊ?"

पहिला डबा एप्रिलमध्ये आला होता. म्हणजे नकारानंतर.

सोमवार, २३ जून

मुलीच्या बापाने मुलाच्या दारी जायचे असते. तिचे वडील हयात नाहीत. बेकरी नऊला उघडते. कोट काढून ठेवला आहे.