स्वयंपाकघरात खुर्ची

सांगली, ३ फेब्रुवारी १९४६

तीर्थस्वरूप स्वारींच्या चरणी,
खुब्याच्या ऑपरेशनपासून वाकायची बंदी आहे, म्हणून हा नमस्कार ताठ उभ्यानेच.

इकडे दादाच्या घरी माझी बडदास्त चांगली आहे. काठी टेकत अंगणापर्यंत जाते. पाटावर बसायला मात्र डॉक्टरांची साफ मनाई. आणि तुम्ही लिहिता, "खुर्चीवरचं जेवण आपल्या घरात चालायचं नाही!" मग मी काय गोठ्यात जेवू?

शेजारच्या उमाताईंनी कळवलं, तुम्ही रोज ताकभातावर भागवता. हे तुमच्या पत्रात का नाही?

मुकाट्याने खुर्ची आणा, नाहीतर मी वाईला यायची नाही. आणि एक नको, दोन आणा. तुम्ही खाली पाटावर नि मी वर, असा घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही.

आपली,
द्वारका