हळदकुंकू लावलेला क्रिस्टल

३ जाने., शनि. नांदेड

क्रिस्टल आले. आले, आले, आले! सकाळी प्रोटीनच्या थेंबांची पेटी मायक्रोस्कोपखाली धरली तर थेंबात खडीसाखरेचे बारके खडे बसावेत तसे. हरभऱ्याला मर लावणाऱ्या बुरशीचं हे एक प्रोटीन, आख्खी पीएच.डी. ह्याच्यामागं गेली. रेश्माला हाक मारली. ती आधी किंचाळली, मग पाठीत धपाटा घातला. लॅबमध्ये आम्ही दोघीच, त्यामुळं धपाटे खायला मीच. सरांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि गाडी काढून स्वतः पेढे आणायला गेले. मे महिन्यात रिटायर होऊन राहिलेत. म्हणाले, "शुभांगी, जाता जाता तोंड गोड केलंस."

कोपऱ्यातल्या एका थेंबात नुसत्या सुया. केसासारख्या, कुरूप. त्यांच्याकडं कोण बघतंय आज.

८ जाने.

सरांनी फोटो डिपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकला. तिथून बाबांकडं, बाबांकडून निम्म्या मुखेडला. खाली ओळ: "आमच्या कन्येने मर रोगाचे मूळ शोधले." अहो बाबा! अजून एक्स-रे मारायचाय, त्यावरून प्रोटीनचा आकार काढायचाय, मूळ कुठलं... फोनवर म्हणलं तर, "तेच ते. कशाला कीस काढायलीस?"

लातूरच्या मामांनी तर कहरच केला. ८ फेब्रु.ला समाजाचा गुणवंत सत्कार, त्यात पहिलं नाव माझं. सरांनाही जोडीनं आमंत्रण.

१६ जाने.

क्रिस्टल गोठवले. द्रव नायट्रोजन नेहमीप्रमाणं गुरांच्या दवाखान्यातून, रेतनाच्या कांड्या ठेवतात त्या टाकीतला. तिथल्या काकांचा ठरलेला जोक, "यंदा म्हैस का गाय?" रेश्मा टाकी घेऊन परगावी निघाली, मोठ्या मशीनवर एक्स-रे मारायला. पेटीत थोडे क्रिस्टल मागं ठेवलेत.

२२ जाने.

रेश्माचा मेसेज, "एक नंबर डेटा!!!" खाली स्क्रीनचा फोटो. मी आनंदानं मोठा करून बघितला, आणि क्रिस्टलच्या घराची, म्हणजे ज्या एका चौकटीच्या रांगा लागून तो बनतो तिची, मापं दिसली. ७९, ७९, ३७.

हे आकडे आमच्यात शेंबडं पोरही ओळखतं. एम.एस्सी.ला पहिलं प्रॅक्टिकल तेच असतं. अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रोटीन, त्याचे क्रिस्टल. बुरशीचे न्हाईत हे. अंड्याचे.

आकडे परत वाचले. तेच.

२३ जाने.

आठवलं. दिवाळीनंतर आवाजानं जिवाणू फोडायचं मशीन हैदराबादला दुरुस्तीला गेलं होतं. बुरशीचं प्रोटीन आम्ही जिवाणूंच्या आत बनवून घेतो, ते फोडल्याशिवाय निघत न्हाई. मशीन बंद पडलं की आमच्याकडं रिवाजच हाय, अंड्यातली ती पावडर चिमूटभर टाकायची, तीही जिवाणू फोडते. सर म्हणाले होते, "काम थांबवू नका." पुढच्या धुण्यात ती निघून जाते. नेहमी जाते. ह्या वेळी चिकटून राहिली असणार.

ह्यापुढं इथं नुसतं 'अं.' लिहीन. पूर्ण शब्द लिहवत न्हाई.

रेश्माच्या लक्षात आलं न्हाई? का आलंय आणि बोलत न्हाई? उद्या येईल. तिच्याकडं बघायचीच भीती.

२६ जाने.

झेंडावंदन. नंतरच्या भाषणात कुलगुरू साहेबांनी आमच्या लॅबचं नाव घेतलं, "मराठवाड्याचा अभिमान" वगैरे. सर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, लाजून खाली बघत. वाटलेला लाडू मी रेश्माला देऊन टाकला. ती म्हणाली, "कामून गं, डाएट करायलीस का?" म्हणजे तिला माहीत न्हाई. बरं वाटलं. मग लगेच वाटलं, म्हणजे मी एकटीच.

३० जाने.

राहवलं न्हाई. मागं ठेवलेला क्रिस्टल धुऊन, विरघळवून जेलवर चालवला. आपलं प्रोटीन मोठं, वर थांबतं. अं. छोटं, पार खाली जातं. मनात देवाचा धावा चालू.

पार खाली गेलं.

शेजारी त्या सुयाही चालवल्या होत्या, कुरूप त्या. त्यांचा पट्टा वर, आपल्याच प्रोटीनच्या जागी. फिकट. खरंच हाय का मलाच हवा म्हणून दिसून राहिलाय, कळेना. एवढ्या बारक्या सुयांवर एक्स-रे मारायचा कसा, तेही...

२ फेब्रु.

सरांना सांगितलं. केबिनचं दार लावलं तेव्हा त्यांना वाटलं लग्नाबिग्नाचं काही हाय. "कुठला पोरगा?" म्हणून हसले. मी जेलचा फोटो आणि ते आकडे पुढं ठेवले. आकड्यांवर नजर गेली आणि हसू जागेवरच मेलं.

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडायला पाहिजे होतं. त्यांनी हळूच विचारलं, "आणखी कोणाला माहीतंय?"

"कोणालाच न्हाई, सर."

"रविवार जाऊ दे. मग बघू."

"सर, स्टेजवर काय बोलू मी?"

"हार घालून घ्यायचा. बोलायचं कशाला." मग खिडकीकडं बघत म्हणाले, "बायकोनं साडी घेतलीय गं त्या कार्यक्रमाला."

सुयांचंही सांगितलं. ऐकलंच न्हाई त्यांनी. सरांना घाबरलेलं आज पहिल्यांदा बघितलं. इतकी वर्षं मी ह्यांना भिऊन होते, आता ह्यांचं भिणं बघून माझा उरलासुरला धीरही गेला.

७ फेब्रु. लातूर

मामांकडं. कोपऱ्यावर बॅनर, मी आणि क्रिस्टल सारख्याच आकाराचे. आई-बाबा उद्या परस्पर हॉलवर येणार. मामींनी तर क्रिस्टलचा फोटो फ्रेम करून देवघरात ठेवलाय, वर हळदकुंकू! ह्या घरात अं. सोडा, अं. घातलेला केकसुद्धा उंबऱ्याच्या आत येत न्हाई. माय गं. हसावं का रडावं. "अगं, लक्ष्मीच हाय ती आमच्यासाठी," म्हणाल्या. मी पाया पडले. फोटोच्या.

जेवण गेलं न्हाई.

८ फेब्रु., रवि.

सर आणि काकू हॉलवर जायच्या आधी इथं चहाला आले. काकू नव्या साडीत, किती खूश. मामी देवघरातून फ्रेम घेऊन आल्या, "हे स्टेजवर ठेवायचं हं, सर."

सरांनी फ्रेम हातात घेतली. कुंकू त्यांच्या अंगठ्याला लागलं, ते पुसलं न्हाई.

"वहिनी, हा नका नेऊ."

मामा हसले, "कामून हो सर? नजर लागते का?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. "ती सांगेल," म्हणाले, आणि फ्रेम माझ्या हातात दिली. काकू, मामा, मामी, सगळे माझ्याकडं वळले.

मी म्हणलं, "साडीला पिन लावून येते." आतल्या खोलीत येऊन कडी लावलीय. फ्रेम मांडीवर, त्यावरच वही ठेवून लिहून राहिले. मामी दार वाजवायल्यात, "शुभे, काय गं सांगायचंय? काही वाईट हाय का?"

बाहेर सगळे थांबलेत. सरही. माझीच वाट बघून राहिलेत.

कडी काढायला पाहिजे.