नवऱ्याच्या नावाचा रकाना

गुरुवार, मार्गशीर्ष १९७१. दिवेलागण.

आज पोथीत लक्ष लागलं नाही. वस्तीच्या दवाखान्यातली गर्दी आवरावी म्हणून महिला मंडळाने नवी चिठ्ठी काढली; खिडकीवर कंपाउंडरने विचारून भरायची, मगच औषध. ती मीच आखली. नाव, वय, मग नवऱ्याचं नाव. तो रकाना माझाच. मोठी मॅट्रिक ना मी!

शेजारची कौसल्या, सातवा महिना, पाय सुजलेले. आज खिडकीवरून औषधाविना परत आली. "साऱ्या माणसायसमोर त्यायचं नाव कसं घेऊ, वहिनी? कंपाउंडर म्हणे, उखाण्यात घ्या! सारी रांग हसली. मी नाही जात आता."

मी रागावले. "काहून वं? जीव मोठा का नाव?"

"तुम्ही तरी घेता का भाऊचं?"

पंधरा वर्षांत कधी घेतलं नाही. या वहीतसुद्धा 'हे' असंच लिहिते. मग रकाना आखताना कुठे गेली होती माझी अक्कल? आणि ते सुजलेले पाय...

उद्या सकाळी तिला घेऊन जाते. तिच्या नवऱ्याचं नाव मी सांगेन, मला कसली बंदी? मग तिथेच बसून उरलेल्या चिठ्ठ्यांवरचा तो रकाना एकेक करून खोडेन. मंडळाला काय सांगायचं ते नंतर.

लक्ष्मीमाते, तोवर तिचे पाय सांभाळ.