उंदरांना पाजलेली लाल दारू आणि भाजलेला वाफा

संस्थेची वसाहत, उंदीरघरामागची खोली
मार्च १९७४

आदरणीय, आणि एव्हाना राग थोडा निवळला असेल अशा पेलागेया मावशीस, तुझ्या एकुलत्या एक भाच्याचा (हाताच्या टप्प्याबाहेरून) वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? रास्पबेरीचा मुरंबा पोचला. बरणी फुटली होती, पण बराचसा मुरंबा लोकरी मोज्यांनी शोषून घेतला, आणि मोजे मी अजून धुतलेले नाहीत, तेव्हा वाया गेला असं म्हणू नये. माझी तब्येत उत्तम आहे. इथे क्ष-किरणांसारख्या घातक किरणांजवळ काम करणाऱ्यांना रोज दूध फुकट मिळतं. मी किरणांजवळ जात नाही, नुसते पिंजरे धुतो, पण दूधवाल्या बाई माझ्या बरगड्या बघून मलाही देतात. येफिमने कॉलेज सोडलं आणि तो आता उंदीर राखतो, असं तू आईला लिहिलंस म्हणे. राखतो हे खरं. पण ज्या सुरात लिहिलंस तो सूर मला लागला.

या उंदरांच्या मालकीणबाई म्हणजे ताइसिया ल्वोव्ना. तिच्याबद्दल मी थोडक्यात लिहिणार आहे, कारण आधी लिहून फाडलेल्या पत्रात तीन पानं नुसत्या तिच्या भुवयांवरच गेली. ती शोधते आहे ते असं. रक्त हाडाच्या आत, मज्जेत तयार होतं. तिथे रक्ताच्या बिया असतात, पण बिया हवेत उगवत नाहीत. त्यांना धरून ठेवणाऱ्या, पोसणाऱ्या दुसऱ्या पेशी भोवती असतात. तुझ्या काकडीचा वाफाच समज. किरण पडले की बिया पटापट मरतात. वाफा चिवट असतो, तो दिसायला तसाच राहतो. पण किरण फारच झाले तर तोही हळूहळू बिघडतो, आणि मग बाहेरून ताज्या बिया आणल्या तरी तिथे रुजत नाहीत, जागा पिवळ्या चरबीने भरून जाते. (रोदिओन काकांच्या पोटाचं कारण हे नव्हे. मी विचारलं.) ताइसियाने उंदरांचा एकेक मागचा पाय गेल्या वर्षीच किरणांनी चांगला भाजून ठेवला होता. आता अख्ख्या अंगावर किरण टाकून बिया मारायच्या, शेपटीच्या शिरेतून दुसऱ्या उंदराची ताजी मज्जा सोडायची आणि भाजलेल्या पायात रक्त उगवतं का ते बघायचं. यावर तिचा प्रबंध उभा आहे, आणि प्रबंध मेच्या आत झाला नाही तर तिची जागा दुसऱ्याला मिळणार.

तर एका पिंजऱ्यातल्या उंदरांना किरण मिळाले, पण ताजी मज्जा मिळाली नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाली की यांना काहीच द्यायचं नाही, आणि तोंड वळवून डोळे पुसले. (ते फॉर्मॅलिनच्या वासाने, हे मला फार नंतर कळलं.) मावशी, मला अन्याय बघवत नाही हे तू जाणतेस. शेजारचे उंदीर सावरणार आणि हे बिचारे माना टाकणार, तेही तिचं काळीज तुटत असताना? लाल दारू प्यायली की किरण अंगातून धुऊन निघतात, हे आमच्या वसाहतीतली शाळकरी पोरंही सांगतात. पाणबुडीवरचे खलाशी तेवढ्यावर तर जगतात म्हणे. मी दुकानातून चर्चमध्ये देतात तसली गोड लाल दारू आणली आणि त्यांच्या पाण्याच्या बाटल्यांत मिसळली. बिटाच्या रसासारखी दिसते. इथे जनावरांना बीट देतातच, त्यामुळे कोणी हटकलं नाही. उंदरांची तर मुळीच तक्रार नव्हती.

पुढे काय झालं ते शांतपणे वाच. आमचे प्रमुख प्लातोन इल्लारिओनोविच मॉस्कोहून आलेल्या एका प्राध्यापकांना घेऊन उंदीरघरात आले. त्या पिंजऱ्यात निम्मे उंदीर चारी पाय वर करून पडले होते, दोघे गळ्यात गळा घालून झोपले होते आणि एक आपल्याच शेपटीवर चढायचा प्रयत्न करत होता. प्राध्यापक हरखले. किरणांचा मेंदूवर असा परिणाम त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. ते उभ्या उभ्या टिपून घेऊ लागले. प्लातोन इल्लारिओनोविचही, आमच्याकडे असलं पुष्कळ चालतं, अशा थाटात मान डोलवू लागले. ताइसिया गप्प राहिली असती तर त्या दिवशी तिचं नाव झालं असतं. पण तिने बाटली काढली, हुंगली आणि म्हणाली, "लिहू नका. हे किरणांचं नाही. यांना कोणीतरी पाजली आहे." हे ती माझ्याकडे अजिबात न बघता म्हणाली, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मज्जा न दिलेल्यांचं काय होतं हे कळल्याशिवाय दिलेल्यांचं काय झालं याला अर्थ नाही, हे मला प्लातोन इल्लारिओनोविचांनी इतक्या जोरात समजावलं की शेजारच्या इमारतीतल्यांनाही समजलं असेल. भाजलेल्या पायाचे आणखी उंदीर शिल्लक आहेत, पण सगळं पहिल्यापासून करावं लागणार. पाहुण्यांसमोर खरं बोलली म्हणून तिला शरद ऋतूपर्यंत मुदत मिळाली. मला काढलं नाही, कारण पिंजरे उचलायला दुसरं कोणी तयार नाही. दूध मात्र बंद झालं.

मी माफी मागायला गेलो आणि (माझा स्वभाव तुला माहीत आहे) लग्नाचं विचारून बसलो. स्तानिस्लाव नावाचा एक जण तिला सोडून नोवोसिबिर्स्कला गेला, जाताना तिच्या स्कीसुद्धा घेऊन गेला. मी सांगितलं की त्या माणसाने तुमच्या मनाचा वाफा भाजला आहे हे मी समजू शकतो, पण मी ताजी मज्जा म्हणून हजर आहे.

तिने हातमोजे काढून ठेवले. "वाफा खरोखर भाजला असेल तर ताजी मज्जा घालून काही होत नाही. एवढं तरी माझ्या कामातून शिकायचं होतंस."

"म्हणजे नाही?"

"वाफ्याला काही झालेलं नाही, येफिम. बीच कच्चं आहे. दुसऱ्या वर्षातून पळालेलं."

आता तूच सांग मावशी, हा होकार की नकार? मी चार जणांना विचारलं, चौघांनी नकार सांगितला, त्यातल्या एकाशी मी आता बोलत नाही.

तुझा अपमानित पण ताठ मानेचा भाचा,
येफिम

ता. क. कॉलेज सोडल्याचा मला तिळमात्र पश्चात्ताप नाही, हे सगळ्या बिऱ्हाडांना वाचून दाखव.

ता. ता. क. हे मात्र कोणाला दाखवू नकोस. तू डीनसाहेबांच्या कचेरीत बसतेस, त्यांचा चहा तूच नेतेस. पुरेशी साखर घालून विचार, की सप्टेंबरपासून मला परत दुसऱ्या वर्षात घेतील का. तोंडी परीक्षेत त्यांनी मला विचारलं होतं की मज्जेत रक्ताच्या बियांखेरीज आणखी काय असतं. मी म्हणालो होतो, काही नसतं, आणि प्रश्न मूर्खपणाचा आहे, आणि दार आपटून निघून आलो होतो. त्यांना सांग की असतं. प्रश्नाविषयीचे शब्द मी मागे घेतो. दाराविषयी बोलणं त्यांनी काढलं तरच काढ.