मायना

धुळे, ६ ऑगस्ट १९९८

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या शाळेत इंटरनेट आल्याचं मुख्याध्यापक कौतिक सरांनी फोनवर सांगितलं. शिक्षकांना ते शिकवायचं काम आमच्या संगणक केंद्राकडे आहे, आणि दोन्ही वर्गांना गैरहजर कोण, तर माझीच सख्खी बहीण! इथे सगळे मला हसतात. कान पिळून मला बाराखडी शिकवणारी तू, एका पेटीला घाबरतेस? अगं, तुले बठ्ठं येस, सगळं येतं तुला. एकदा बस तर खरी.

लोभ वाढवावा, कान सोडावा.
तुझा लीलाधर

एरंडोल, १४ ऑगस्ट

चि. लीलाधर यास अनेक आशीर्वाद.

घाबरत नाही रे. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, तेवढी वर्गात उभी राहून काढू दे. घरी बसले तर मी जगणार नाही. पाचवी-सहावीचे धडे मला पाठ आहेत, पुस्तक उघडावंही लागत नाही. तुझी पेटी पाठ कशी करायची? कौतिक सरांजवळ माझा विषय काढू नकोस. तुझी पत्रं हल्ली सूनबाई प्रमिला वाचते, मी ऐकते. तिला हौस आहे. पापड पोचले का?

माया आहे, ती राहू दे.
तुझी अक्का

धुळे, २२ ऑगस्ट

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पापड संपलेसुद्धा. तुझी भीड मोडायची युक्ती काढली आहे. शिक्षकदिनी पाहुण्यांसमोर शाळेचा पहिला ईमेल तू वाचायचा, असं सरांशी ठरवलं. पाठवणार मी. बटणं दुसरे दाबतील, तू फक्त मोठ्याने वाच. तुला पाहून बाकीचेही शिकतील. आता नाही म्हणू नकोस.

तुझा लीलाधर

एरंडोल, १२ सप्टेंबर

चि. लीलाधर यास अनेक आशीर्वाद.

मी सांगते आहे, प्रमिला लिहिते आहे.

शिक्षकदिनी मला पडद्यावर नुसता उजेड दिसला. दीड-दोन वर्षांपासून समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. जळगावचे डॉक्टर म्हणाले, इलाज नाही. वाटलं, भावाचंच पत्र, त्यात वेगळं काय असणार? खणखणीत आवाजात सुरू केलं, तीर्थरूप अक्कास, शिरसाष्टांग नमस्कार. कौतिक सर हळूच म्हणाले, बाई, ते इंग्रजीत आहे. तुझ्या पेटीत मराठी अक्षरं नसतात, हे मला कुठे ठाऊक! माझ्या वर्गातल्या मुलांना डोळ्यांचं माहीत होतं. ती माना खाली घालून बसली होती.

मग डोळ्यांची तपासणी झाली. कालपासून मी घरी आहे. शाळेची घंटा इथवर ऐकू येते.

तुझं काही चुकलं नाही, असं मी म्हणणार नाही. रागावलेही नाही. पत्रं टपालानेच पाठवत जा. वर मायना घालायला विसरू नकोस. तेवढा मला अजून वाचता येतो.

माया होती तशीच आहे.
तुझी अक्का