गोळ्यांची खिडकी आणि तुमची इरा

ती. माधवदादा,

निलंग्याहून सिंधूचा वाकून नमस्कार. वहिनींची कंबर आता बरी असेल (नसेल तर निदान त्यांनी तुम्हाला कामाला तरी लावलं असेल). आम्ही मजेत.

इराला माझ्याकडे पाठवताना तुम्ही बजावलं होतं, की पोरीच्या डोक्यातलं संशोधनाचं खूळ काढ आणि तिला शिक्षक भरतीला बसव. दारोदार जाऊन प्रश्न विचारणं ही काय नोकरी, हे तुमचं म्हणणं मलाही पटलं होतं. पण झालं ते ऐका. तिच्या संस्थेला शोधायचं होतं, की इथल्या बाया दवाखान्यातून बीपीच्या गोळ्या एकदा नेतात आणि परत का येत नाहीत. कारण कळलं की सरकारला उपाय सुचवायचा. (यालाच धोरण म्हणतात म्हणे. मला वाटायचं, धोरण फक्त सासूबाईंना असतं.) पोरगी एकटी कुठं फिरेल म्हणून मीही निघाले आणि तिथंच घोटाळा झाला. घरोघरी मी ‘ही माझी भाची’ म्हणून सांगायची, मग चहा, चुरमुऱ्यांचा सुशीला, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, हाव (म्हणजे इथलं हो). गोळ्या रोज घेता? हाव. मध्येच सोडल्या? त्यालाही हाव. सिंधूच्या भाचीला नाही कसं म्हणायचं! संध्याकाळी कागदावर निलंग्याइतकं एकमताचं गाव पृथ्वीवर नव्हतं. इराने हात जोडून मला गप्प राहायला सांगितलं. मी रुसले, पण गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी ती कागद न घेताच अख्तरीकडे गेली (आमच्या मागच्या गल्लीत शिवणकाम करते ती). तिच्या मशीनपाशी बसून बटणं लावत राहिली, प्रश्न एकही नाही. दुपारी अख्तरी आपणहून म्हणाली, "गोळ्यांची खिडकी रस्त्यावर हाय, बाई. मी रांगेत दिसले की मोहल्ला म्हणणार, घरात बीमारी हाय. मग माझ्या अर्शियाला रिश्ता कोण आणील?" दादा, इतकी वर्षं शेजारी राहून मला हे सुचलं नव्हतं.

गोळ्या आतल्या खोलीत द्या, असं इराने डॉक्टरांना पटवलं. पण कंपाउंडरने उत्साहात बाहेर बोर्ड टांगला, ‘गोळ्या मागच्या दाराने गुप्तपणे मिळतील.’ बाई एकही फिरकली नाही, चार बाप्ये मात्र भलत्याच आशेनं आले. इरा रडकुंडीला आली. शेवटी मीच स्टुलावर चढून तो बोर्ड उतरवला. आता सगळ्यांची तपासणी एकाच खोलीत होते, गोळ्याही तिथंच मिळतात, कोण कशाला आलं ते कळत नाही. बाया येऊन राहिल्यात. सगळ्या नाही, पण अख्तरी येते आणि येताना आणखी दोघींना आणते. आता नायगाव आणि हिमायतनगरला हेच करून पाहायचं ठरलंय आणि त्या कामावर इराला बोलावलंय. मी तिला जा म्हणाले. तुम्ही रागवाल, पण अख्तरीला आत येताना बघून पोरगी जशी हसली, तशी भरतीचं पुस्तक उघडून हसलेली मी पाहिली नाही.

तुमची,
सिंधू

ता. क. भरतीची पुस्तकं परत पाठवत नाही. अर्शिया वाचून राहिलीय.

ता. क. २. कामाचं सांगायचं राहिलंच. संस्थेला इथं माहिती गोळा करायला एक पदवीधर बाई हवी आहे. (इरा म्हणते, आत्या, फक्त बोलायचं जरा कमी.) माझी बी.ए.ची सनद तुमच्या कपाटात आहे. लग्न होऊन इकडे येताना, सासरी तिचं काय काम, म्हणून आपण ती तिथंच ठेवली होती. लवकर पाठवा, दादा. काम निघालंय.